रविवारची गाडी शनिवारी दुपारीच ठरते

प्रश्न थोडक्यात असा आहे. शनिवारी क्वालिफायिंगमध्ये (सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या वेळेच्या सत्रात) पोल, म्हणजे पहिली जागा, मिळवणारी फॉर्म्युला वनची गाडी कधी कधी रविवारी दहा-बारा लॅपमध्येच मागे पडू लागते. मग टीम रात्रीतून सेटअप बदलून शर्यतीसाठी वेगळी गाडी का उभी करत नाही? क्वालिफायिंगचे नियम बदलले की एवढा गदारोळ का होतो? आणि विचारणाऱ्यांचा मुलगा कोल्हापुरात कार्टिंग करतो, पुढे सिंगल-सीटर चालवायची म्हणतो, तर त्याने यातून काय घ्यावं?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: बदलायची मुभाच नाही. गाडी क्वालिफायिंगसाठी पिट लेनमधून पहिल्यांदा बाहेर पडली की तिला पार्क फर्मेचा नियम लागतो आणि रविवारी शर्यत सुटेपर्यंत तो उठत नाही. स्प्रिंग, अँटी-रोल बार, डॅम्पर, कॅम्बर आणि टो (चाकांचे कोन), राइड हाइट (तळाची जमिनीपासूनची उंची), मागची विंग, यातल्या कशालाही हात लावता येत नाही. पुढच्या विंगच्या फ्लॅपचा कोन बदलता येतो, टायरमधली हवा कमी-जास्त करता येते, ब्रेकची हवा काढता येते, बॅटरी चार्ज करता येते. मोडलेला भाग परवानगी घेऊन तसल्याच भागाने बदलता येतो. यादी याहून फार लांब नाही. रात्री गाडी झाकून तिला सील ठोकतात.

हा नियम २००३ साली आला. त्याआधी शनिवारची गाडी आणि रविवारची गाडी या खरोखरच दोन वेगळ्या गाड्या असायच्या. ऐंशीच्या दशकात टर्बोच्या जमान्यात क्वालिफायिंगपुरतं वेगळं इंजिन बसवत, एक-दोन लॅपमध्ये संपून जाणारे खास टायर लावत, आणि रात्री सगळं उतरवून शर्यतीचा सेटअप चढवत. रविवारी सकाळी वॉर्म-अपचं सत्र असायचं, तिथे शर्यतीची गाडी तपासून घ्यायची. २००३ मध्ये ते सत्रही गेलं. मी गाडीचा सेटअप ठरवण्याच्या कामात आहे, आणि माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत क्वालिफायिंगची पद्धत कितीही वेळा बदलली असली तरी गाडीवर सगळ्यात खोल परिणाम या एकाच नियमाचा झाला. टीव्हीवर चर्चा होते ती क्यू वन, क्यू टू, क्यू थ्री याची, म्हणजे क्वालिफायिंगच्या तीन टप्प्यांची, ज्यांत मागचे बाद होत शेवटी दहा उरतात. इंजिनिअर नवं नियमपुस्तक हातात आलं की आधी पार्क फर्मेचं कलम उघडतो.

यामुळे काय होतं ते एकाच गोष्टीवर नीट पाहू, राइड हाइटवर. क्वालिफायिंगला टाकीत जेमतेम काही किलो इंधन असतं: ट्रॅकवर जायचा लॅप, एक वेगवान लॅप, परत यायचा लॅप आणि तपासणीसाठी द्यायचा एक लिटरचा नमुना. रविवारी तीच गाडी २०२५ पर्यंत शंभर किलोच्या आसपास जादा वजन घेऊन ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगेत) उभी राहायची. २०१९ ते २०२५ या काळात शर्यतीच्या इंधनाची मर्यादा ११० किलो होती. दहा किलोमागे लॅपला साधारण तीन दशांश सेकंद जातात असा आमचा ठोकताळा आहे, ट्रॅक लांब असेल तर जरा जास्त. पण वेळ सगळ्यांचाच जातो, त्याची चिंता नसते. चिंता असते ती गाडी वजनाने खाली बसण्याची. गाडीच्या तळाला मधोमध एक फळी असते, नवी असताना १० मिलिमीटर जाड. शर्यत संपल्यावर ठरलेल्या जागी ती ९ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर गाडी बाद. म्हणजे झिजायला तुमच्याकडे एक मिलिमीटर आहे, आणि तो भरल्या टाकीनिशी, सरळ रस्त्याच्या शेवटी डाउनफोर्सने (गाडी खाली दाबणाऱ्या हवेच्या जोराने) गाडी दाबली गेलेली असताना, ट्रॅकवरच्या उंचवट्यांवर खर्च होणार आहे.

२०२२ ते २०२५ च्या गाड्यांचा बहुतांश डाउनफोर्स तळातूनच यायचा आणि गाडी जमिनीला जितकी जवळ तितका तो जास्त मिळायचा. शनिवारी हलक्या टाकीची गाडी वर उचललेली असते. शनिवारचा विचार केला तर ती अजून खाली घ्यावी असं आकडे ओरडून सांगतात. रविवारचा विचार केला तर तीच उंची पहिल्या पंधरा लॅपमध्ये फळी खाऊन टाकते. दोन्हींसाठी उंची एकच, आणि ती लिहून द्यायची क्वालिफायिंगच्या आधी. मग उंची तशीच ठेवून स्प्रिंग कडक करायच्या का? केल्या तर कर्बवरून (वळणाच्या कडेच्या उंचवट्यावरून) गाडी उडते आणि हळू वळणात मागचे टायर घसरतात. एका मिलिमीटरवरून इंजिनिअर आणि ड्रायव्हर यांच्यात पाऊण तास चर्चा चालते, ती उगाच नाही.

हे गणित चुकलं की काय होतं ते २०२३ मध्ये ऑस्टिनला दिसलं. तो स्प्रिंटचा, म्हणजे शनिवारी एक छोटी जादा शर्यत असलेला, शनिवार-रविवार होता. तेव्हाच्या नियमानुसार शुक्रवारी फक्त एक तासाचा सराव आणि लगेच क्वालिफायिंग, म्हणजे सेटअपला शुक्रवारीच कुलूप. ऑस्टिनचा ट्रॅक उंचसखल. भरल्या टाकीने लांब पल्ल्याची चाचणी करायला त्या एका तासात कुणाला सवड मिळणार? शनिवारच्या स्प्रिंटनंतर एखाद्या टीमला फळी जास्त झिजतेय असं कळलं असतं तरी गाडी दोन मिलिमीटर वर घेण्याची सोय नव्हती, घेतली तर पिट लेनमधून सुटावं लागलं असतं. रविवारी हॅमिल्टन दुसरा आणि लक्लेर सहावा आला, आणि तपासणीत दोघांचीही फळी कमी भरून दोघेही बाद झाले. २०२४ पासून नियम बदलला: स्प्रिंट संपली की कुलूप उघडतं, सेटअप बदलता येतो, आणि मुख्य क्वालिफायिंगला ते पुन्हा लागतं. हा बदल योग्यच होता. एका तासाच्या सरावावर अख्खा सेटअप गोठवणं ही कौशल्याची परीक्षा नव्हती, त्यात नशिबाचा भाग फार होता.

याच्या उलटी बाजू २०१० मध्ये दिसली. त्या वर्षी रेड बुलने १९ पैकी १५ पोल जिंकले. शर्यतीत इंधन भरायला त्याच वर्षापासून बंदी आल्याने शनिवारच्या आणि रविवारच्या वजनातला फरक एकदम वाढला होता, आणि हलक्या टाकीनेही त्यांची गाडी जमिनीला इतकी चिकटलेली दिसायची की प्रतिस्पर्ध्यांनी राइड हाइट बदलणारी काही यंत्रणा आत असल्याची शंका घेतली. तपासणीत काही सापडलं नाही. शंका कशावर घेतली गेली हे मात्र लक्षात घ्या: पार्क फर्मेतल्या गाडीची उंची दोन दिवस दोन वेगळी ठेवता आली, तर ती केवढी मोठी चोरी ठरेल हे प्रत्येक इंजिनिअरला ठाऊक होतं.

आता तोल. एका लॅपसाठी गाडीचं तोंड आत वळायला हवं, मागचा भाग थोडा सुटला तरी चालतो, कारण नवा टायर तो सांभाळून घेतो आणि ड्रायव्हरला तो एकच लॅप निभावायचा असतो. शर्यतीत असा सैल मागचा भाग दर वळणावर मागचा टायर तापवत राहतो आणि आठ-दहा लॅपनंतर पकड निघून जाते. प्रश्नात जी पोलची गाडी मागे पडते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. फ्लॅपचा कोन बदलायची मुभा असल्यामुळे शनिवारी फ्लॅप वर आणि रविवारी थोडा खाली, एवढं करता येतं. पण फ्लॅप संपूर्ण गाडीचा तोल एकसारखा हलवतो. हळू वळणात एक आणि वेगवान वळणात दुसरं असं दुखणं असेल तर ते फ्लॅपने जात नाही, त्याला बार आणि स्प्रिंगच लागतात. उरलेलं ड्रायव्हरने स्टिअरिंगवरच्या फिरत्या बटणांनी सांभाळायचं: ब्रेकचा पुढे-मागे वाटा आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत जोर वाटणारा भाग). म्हणून आम्ही सेटअप करताना या बटणांना दोन्ही बाजूंनी जागा शिल्लक ठेवतो. क्वालिफायिंगलाच ब्रेकचा वाटा टोकाला नेऊन ठेवला तर रविवारी ड्रायव्हरच्या हातात काही उरत नाही.

एखादी टीम जाणूनबुजून शनिवारच्या बाजूने झुकते ती का, हे मोन्झा २०११ वरून कळतं. त्या वर्षी क्वालिफायिंगमध्ये डीआरएस (मागच्या विंगचा फ्लॅप उघडून हवेचा अडथळा कमी करायची सोय) हवं तिथे वापरता यायचं, शर्यतीत मात्र ठरलेल्या पट्ट्यातच आणि तेही पुढची गाडी एका सेकंदाच्या आत असेल तरच. म्हणजे शनिवारी मोठ्या मागच्या विंगचा तोटा डीआरएस उघडून भरून काढता येत होता. रेड बुलने मोन्झासारख्या वेगाच्या ट्रॅकवर इतरांपेक्षा जास्त विंग ठेवली आणि वरचा गिअर आखूड निवडला. सरळ रस्त्यावरच्या वेगात त्यांचा ड्रायव्हर वेटेल तळाशी होता, वळणांतून बाहेर पडताना मात्र सगळ्यांच्या पुढे. हा सेटअप फक्त आघाडीवर राहणाऱ्या गाडीलाच चालतो. मागे अडकला असता तर आखूड गिअरमुळे पुढच्या गाडीमागच्या हवेच्या ओढीत इंजिन लिमिटरला (फेऱ्यांच्या मर्यादेला) लागून बसलं असतं. वेटेलने पोल मिळवला, सुरुवातीला अलोन्सोकडे गेलेली आघाडी गवतावर दोन चाकं घालत परत घेतली आणि शर्यत जिंकली. त्याच शर्यतीत हॅमिल्टन आखूड गिअरमुळे शूमाखरच्या मागे किती तरी लॅप अडकून राहिला. एकाच निवडीचे दोन चेहरे एकाच दुपारी दिसले. २०१३ पासून क्वालिफायिंगमध्येही डीआरएस पट्ट्यांपुरतंच ठेवलं आणि हे गणित संपलं.

कुलूप उघडल्यावर टीम नेमकं काय बदलते हे पाहायचं असेल तर अबू धाबी २०१२ पाहा. वेटेल क्वालिफायिंगमध्ये तिसरा आला होता, पण नमुन्यापुरतं इंधन गाडीत न भरल्याने त्याची वेळ रद्द झाली. शेवटून सुटायचंच आहे म्हटल्यावर रेड बुलने गाडी पार्क फर्मेतून बाहेर काढली आणि पिट लेनमधून सुरुवात पत्करली. रात्री गिअर बदलले, सरळ रस्त्यावर ओव्हरटेक करता येईल असा सेटअप केला. तो तिसरा आला. २०२५ मध्ये ब्राझीलला वर्स्टापेन क्यू वनमध्येच बाद झाला, टीमने सेटअप आणि इंजिन दोन्ही बदलून पिट लेनमधून सोडलं, तोही तिसरा आला. यावरून असं कुणी म्हणू नये की सगळ्यांनीच पिट लेनमधून सुटावं. पहिल्या पाचांत असताना हा सौदा कधीच परवडत नाही. सोळाव्या क्रमांकावर चुकीच्या गाडीत बसलेला असाल तर मात्र त्या चार-सहा जागांपेक्षा बरोबर गाडी मोलाची असते. मोनॅकोला तेही खरं नाही, कारण तिथे बरोबर गाडी मिळूनही पुढे जायला रस्ताच नसतो.

पावसाचंही तसंच. रविवारी पाऊस आहे असं वाटत असेल तर ओल्या ट्रॅकसाठी जास्त विंग आणि थोडी जास्त उंची शनिवारीच द्यावी लागते, आणि शनिवार कोरडा असेल तर सरळ रस्त्यावर मार खायची तयारी ठेवावी लागते. हवामानाचा अंदाज चुकला तर दोन्हीकडून जातं. स्पाला शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये रडारचा पडदा आणि सेटअपचा कागद शेजारी शेजारी असतात.

इंजिनाची गोष्ट लवकर सांगून टाकतो. बरीच वर्षं क्वालिफायिंगसाठी इंजिनाचा खास जोरदार मोड असायचा, शर्यतीत तो परवडत नसे. मर्सिडीजकडे तो सगळ्यात भारी होता. २०२० च्या मोन्झापासून क्वालिफायिंग आणि शर्यत दोन्हींना इंजिन एकाच मोडमध्ये चालवायचं बंधन आलं. इंजिनालाही एका अर्थाने पार्क फर्मे लागलं.

डावपेचांकडे येतो. इथे नियम काय आहे यावर माणसं कशी वागतात ते ठरतं, आणि नियम बनवणाऱ्यांना ते आधी कधीच पूर्ण दिसत नाही.

२००३ ते २००९ मध्ये ग्रिडची पुढची जागा ठरवणारा लॅप शर्यतीच्या इंधनासह मारायचा होता, आणि शर्यतीआधी मध्ये जादा इंधन भरता येत नव्हतं. म्हणजे किती लॅपनंतर पिटमध्ये यायचं हे शनिवारीच ठरायचं. हलकी टाकी ठेवली तर ग्रिडवर पुढे, पण रविवारी सगळ्यांआधी पिटमध्ये. लॅपमागे अडीच-तीन किलो धरलं तर दहा लॅपच्या इंधनाला पाऊण ते एक सेकंद मोजावा लागायचा. छोट्या टीम प्रायोजकांसाठी हलक्या टाकीने ग्रिडवर वर चमकून जायच्या. २००९ मध्ये क्वालिफायिंगनंतर गाड्यांची वजनं जाहीर होऊ लागली आणि हे उघडं पडू लागलं. त्याच वर्षी स्पाला विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडियाने फिसिकेलाच्या हातून पोल मिळवला. भारतात अनेकांना वाटलं टाकी रिकामी असेल. वजनांचं पत्रक आल्यावर दिसलं की तसं नाही, कमी डाउनफोर्सच्या ट्रॅकवर ती गाडी खरीच वेगवान होती. रविवारी तो रायकोनेनच्या मागे दुसरा आला. ती वजनं जाहीर झाली नसती तर त्या पोलला कुणी मानलंच नसतं.

२००६ आणि २००७ मध्ये याच्याही पुढची गुंतागुंत होती. क्यू थ्रीमध्ये जाळलेलं इंधन लॅपमागे ठराविक मापाने शर्यतीआधी परत भरता यायचं. म्हणजे जितके लॅप माराल तितकी शेवटच्या लॅपला गाडी हलकी, आणि रविवारची टाकी तेवढीच भरलेली. म्हणून सत्र सुरू होताच गाड्या नुसत्या गोल गोल फिरत इंधन जाळत. मॅक्लारेनमध्ये एका जादा लॅपचा फायदा दोन ड्रायव्हरना आलटून पालटून द्यायचा असं ठरलेलं होतं. हंगेरी २००७ ला पाळी अलोन्सोची होती, हॅमिल्टनने त्याला पुढे जाऊ द्यायचं होतं, त्याने दिलं नाही. शेवटच्या पिटमध्ये अलोन्सो टायर लागल्यावरही जागेवर उभा राहिला आणि मागे थांबलेल्या हॅमिल्टनला शेवटचा लॅप सुरू करायला वेळ उरला नाही. अलोन्सोला पाच जागा मागे टाकलं. लोकांना आठवतं ते दोघांचं भांडण. मला त्यात दिसतो तो नियम, ज्याने एका जादा लॅपला इतकी किंमत दिली की एकाच टीमचे दोन ड्रायव्हर त्यासाठी एकमेकांवर उठले.

२०१० पासून टायरची बेडी आली. क्यू थ्रीत पोहोचलेल्या दहा जणांनी ज्या टायरवर तिथली वेळ नोंदवली त्याच टायरवर शर्यत सुरू करायची, अकराव्यापासून पुढच्यांना मोकळीक. याचा सगळ्यात स्पष्ट नमुना आपल्याकडेच घडला, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर, २०१३ मध्ये. तिथे मऊ टायर एका लॅपला झकास आणि त्यानंतर थोड्याच लॅपमध्ये मोडीत निघणारा होता. वेटेलने मऊ टायरवर पोल घेतला. त्याचाच सहकारी वेबर मुद्दाम मीडियमवर (जास्त टिकणाऱ्या, थोड्या कडक टायरवर) बाहेर पडला आणि चौथा आला, म्हणजे रविवारी लांब पहिला टप्पा करता यावा. रविवारी वेटेल दुसऱ्याच लॅपला पिटमध्ये आला. पोलवरून थेट सतराव्या जागी. बघणाऱ्यांना वाटलं काही तरी बिघडलं. बिघडलं काहीच नव्हतं, नियमाने गळ्यात घातलेला टायर त्याने शक्य तितक्या लवकर काढून टाकला, आणि मग एकेकाला मागे टाकत शर्यत आणि चौथं विश्वविजेतेपद जिंकलं. वेबर आघाडीच्या लढतीत होता, पण त्याची गाडी बंद पडली. तिकडे लोटसने क्यू वनमध्येच ग्रोजाँसाठी मऊ टायर वाचवायला जाऊन जुगार खेळला आणि तो सतरावा राहिला. पण टायरची मोकळीक असल्याने तो एकाच थांब्यावर तिसरा आला. पोलवरचा आणि सतरावा, दोघेही पोडियमवर. एकाच नियमाची दोन टोकं.

२०१४ मध्ये बेडी क्यू थ्रीवरून क्यू टूच्या टायरवर हलवली आणि ती २०२१ पर्यंत राहिली. मला हा नियम कधीच पटला नाही. मोठ्या टीमकडे इतका वेग शिल्लक असायचा की त्या क्यू टू मीडियमवर पार करून रविवारी निवांत सुटायच्या. आठव्या-नवव्या जागेसाठी झुंजणाऱ्या टीमला मात्र क्यू थ्री गाठायला मऊ टायर जाळावाच लागे, आणि मग रविवारी अकरावा माणूस नव्या मीडियमवर तिला गाठायचा. मेहनत करून दहावं येण्यापेक्षा अकरावं राहणं बरं, असं ज्या नियमात निघतं तो नियम चुकलेला आहे. यातही वरच्यांची चूक कधी तरी व्हायची. अबू धाबी २०२१ ला निर्णायक शर्यतीआधी वर्स्टापेनचं क्यू टूमध्ये चाक लॉक होऊन मीडियमवर सपाट चट्टा पडला, आणि त्याला मऊ टायरवर वेळ नोंदवून त्यावरच सुटावं लागलं, हॅमिल्टन मीडियमवर. २०२२ पासून ही बेडी काढली, सुरुवातीचा टायर सगळ्यांना मोकळा. चांगलं झालं.

मोकळा म्हणजे डावपेच संपले असं नाही, ते संचांच्या हिशेबात गेले. साध्या शनिवार-रविवारसाठी ड्रायव्हरला कोरड्या टायरचे १३ संच मिळत आले आहेत: ८ मऊ, ३ मीडियम, २ हार्ड. क्यू वनमध्ये एका मऊ संचावर सुटका झाली तर क्यू थ्रीला दोन नवे संच हातात राहतात. पण ट्रॅकवर रबर बसत जातं, शेवटच्या मिनिटाला तो सगळ्यात वेगवान असतो, आणि आधीच्या वेळेवर विसंबून गॅरेजमध्ये बसलेला शेवटच्या काही सेकंदांत दहा जागा खाली घसरू शकतो. मधल्या टीम क्यू वनमध्येच दोन-तीन संच उडवतात आणि क्यू थ्रीत पोहोचल्या तरी एकाच लॅपच्या बळावर उभ्या असतात. २०२३ ला हंगेरीत आणि मोन्झात क्यू वन हार्डवर, क्यू टू मीडियमवर आणि क्यू थ्री मऊवर अशी सक्तीही करून पाहिली. ज्या गाडीला हार्ड तापवता येत नव्हता तिची तिथेच परीक्षा झाली. शनिवारसाठी सेटअप करताना कॅम्बर, टो आणि ब्रेक ड्रमची उष्णता यांकडे आम्ही इतकं लक्ष देतो ते यासाठीच: टायर पहिल्या वळणाला तयार हवा आणि शेवटच्या वळणाला उकळलेला नको.

घड्याळाचंही ओझं असतं. मोन्झा २०१९ ला क्यू थ्रीत शेवटच्या फेरीला प्रत्येकाला दुसऱ्या गाडीमागची हवेची ओढ हवी होती, पुढे कुणालाच जायचं नव्हतं. सगळे रेंगाळले आणि बहुतेकांना लॅप सुरू करायच्या आत वेळ संपला. पुढे अशा मंद लॅपला वेळेची मर्यादा घातली गेली. २०१६ च्या सुरुवातीला दर दीड मिनिटाला एकेकाला बाद करायची पद्धत आणली होती, ती दोन शर्यतींत गुंडाळली. शेवटची मिनिटं ट्रॅक रिकामा आणि सगळ्यांचे टायर संपलेले. तिच्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

शनिवारचं वजन ट्रॅकवर अवलंबून असतं. मोनॅको २०२४ मध्ये पहिले दहा ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने आले. तिथे रविवारच्या गाडीचा विचारच कमी करायचा, सगळं क्वालिफायिंगला द्यायचं. २०२५ ला तिथे किमान तीन संच वापरायची सक्ती करून बघितली, जिंकला पोलवरचाच. जिथे ओव्हरटेक होतो आणि टायर झिजतो, तिथे दोन जागा मागे राहून टायर सांभाळणारी गाडी मी कधीही पसंत करीन.

आता मुलाबद्दल. खालच्या मालिकांमध्ये गाड्या सारख्या असतात, त्यामुळे तिथे नियमाचा परिणाम उलट जास्त दिसतो. फॉर्म्युला टूमध्ये मुख्य शर्यतीचा ग्रिड क्वालिफायिंगच्या क्रमाने लागतो, पण शनिवारच्या स्प्रिंटसाठी पहिले दहा उलटे उभे करतात. मोनॅको २०२५ ला आपला कुश मैनी अशा उलट्या ग्रिडवर पहिल्या जागेवरून सुटला आणि जिंकला. म्हणून कुणी मुद्दाम दहावं यायला बघत नाही, कारण मुख्य शर्यतीचे गुण कितीतरी जास्त आहेत. पण शेवटच्या मिनिटाला नववा-दहावा असाल तर आणखी एक संच जाळायचा की नाही, हा प्रश्न तिथे खरा असतो.

फॉर्म्युला फोरच्या पातळीवर बऱ्याच मालिकांत ड्रायव्हरच्या दुसऱ्या सर्वात वेगवान लॅपवर आणखी एका शर्यतीचा ग्रिड ठरतो. तिथे एकच झकास लॅप मारून समाधान मानणारा ड्रायव्हर एका शर्यतीत पुढे आणि दुसऱ्यात मध्यावर उभा असतो. मुलाला शिकवा की चांगला लॅप झाला की गाडी सोडायची नाही, लगेच दुसरा तसाच मारायचा, आणि ट्रॅफिक दिसलं तर एक लॅप मंद घेऊन अंतर करून मग मारायचा. नवे टायर किती मिळतात, जुने कुठल्या सत्रापर्यंत चालवायचे, क्वालिफायिंगनंतर सेटअप बदलता येतो का, ही तीन उत्तरं त्याने गाडीत बसण्याआधी स्वतः नियमपुस्तकात शोधायची, टीमला विचारून नाही. बदलता येत असेल तर परत येताच पहिल्या पाच मिनिटांत इंजिनिअरला वळणावार सांगायचं, कुठे पुढचा घसरला, कुठे मागचा. येत नसेल तर शुक्रवारीच भरल्या टाकीने, झिजलेल्या टायरवर सलग आठ-दहा लॅप मारायचा हट्ट धरायचा, बाकीची मुलं नव्या टायरवर वेळ दाखवत असली तरी.